लक्ष नसताना

मी गणिताचा शिक्षक होतो. पाढ्यांच्या बाबतीत माझा एक नियम होता आणि तो मी दर जूनमध्ये नव्या वर्गाला सांगत असे. जे आठवून सांगावे लागते, ते अजून आलेले नाही. सात आठे किती, असे विचारल्यावर ज्याची नजर छताकडे जाते, त्याला पाढा येत नाही. ज्याची जीभ त्याला न विचारताच छप्पन म्हणून मोकळी होते, त्याला तो येतो. हा नियम मी पुष्कळ वर्षे चालवला आणि तो खरा आहे, असे आजही मानतो. मात्र जीभ आणि हात माणसाला न विचारता आणखी काय काय शिकून ठेवतात, याचा विचार मी तेव्हा केलेला नव्हता. तो करावा लागला, त्याची ही हकीगत आहे. तीत माझी बाजू चांगली नाही.

बहात्तरचा दुष्काळ सरून दोन-तीन वर्षे झाली होती. वाशीमचा जिल्हा व्हायला अजून बराच अवकाश होता. कागदोपत्री आम्ही अकोल्याचे. केनवडला आमचे घर आणि शेती होती. वडील वारले होते, शेती थोरले भाऊ पाहात, आणि मी गावातल्याच शाळेत शिकवीत असे. घरात आई होती आणि तिचे सगळ्यांवर लक्ष होते.

त्या वर्षी शाळेत मराठीचे एक शिक्षक नव्याने आले. वयाने माझ्याएवढेच. चार मैलांवरच्या एका खेड्यातले, बौद्ध कुटुंबातले. त्यांच्या वडिलांनी छप्पन साली धम्म स्वीकारला, तेव्हा ते स्वतः शाळेत शिकत होते. पुढे त्या खेड्यातून पदवी घेणारे ते पहिले. रोज सायकलने येत-जात. पावसाळ्यात आमच्याकडची काळी माती चाकात अशी भरते की सायकल ढकलताही येत नाही. खांद्यावर घ्यावी लागते. शाळेच्या ओट्यावर बसून ते काडीने चाकातली माती काढीत आणि सांगत की निम्मी वाट सायकल त्यांना आणते आणि निम्मी वाट ते तिला आणतात.

त्यांच्याशी माझे जमले. दोघांनाही फार बोलण्याची सवय नव्हती. मधल्या सुट्टीत आम्ही एका बाकावर बसून आपापल्या भाकरी खात असू, एकमेकांच्या भाजीचा घासही घेत असू. हे मी मुद्दाम लिहितो. शाळेत हे करताना मला काही वाटत नसे, किंवा वाटत नाही असे मी समजत असे.

त्यांना केनवडला खोली हवी होती. गावातल्या बौद्ध वस्तीत प्रत्येक घरात माणसे दाटीने राहात. तिथे रिकामी खोली कुणाकडेच नव्हती. बाकी गावात त्यांनी सहा-सात ठिकाणी विचारले. खोली आहे, असे आधी सांगण्यात येई. मग आडनाव विचारले जाई. मग घरमालकाला आठवे की ती खोली आपण भाच्याला कबूल केली आहे. केनवडच्या सगळ्या भाच्यांना यंदाच खोल्या लागत आहेत, असे ते म्हणाले, तेव्हा मी हसलो. ते हसले नाहीत.

खोली त्यांना मुख्यतः स्वतःसाठी नको होती. त्यांच्या पत्नी आठवीपर्यंत शिकलेल्या होत्या. लग्नामुळे शाळा सुटली होती आणि आता त्यांना बाहेरून मॅट्रिकला बसायचे होते. मॅट्रिक झाल्यावर शिक्षिकेचे प्रशिक्षण घ्यायचे, नोकरी करायची, असे त्यांनी लग्नाच्या वर्षीच ठरवून टाकले होते आणि नवऱ्याकडून कबूल करून घेतले होते. पण पती सकाळीच घर सोडणार आणि दिवस बुडता दमून परतणार, तर शिकवणार कोण आणि कधी? परीक्षा मार्चमध्ये होती. केनवडला राहिल्यास रोज संध्याकाळी दोन तास अभ्यास होईल, असा त्यांचा हिशेब होता. मराठी, इतिहास, हिंदी घरचे शिक्षक शिकवतील. गणिताचे काय, असा प्रश्न मधल्या सुट्टीत निघाला, तेव्हा मी म्हणालो की गणित मी शिकवीन. पहिल्या धड्यापासून परीक्षेपर्यंत. आणि खोल्याही आमच्याच घराला लागून असलेल्या घ्या.

हे मी बोलून गेलो असे नाही. त्यापूर्वी आठ दिवस मी त्यावर विचार केला होता. आयुष्यात ज्या थोड्या गोष्टी मी पूर्ण विचाराने ठरवल्या, त्यांपैकी ही एक होती, आणि म्हणूनच मला तिचा अभिमान होता.

घरी मी ही गोष्ट जेवताना सांगितली. भाऊ हात धुऊन उठले आणि म्हणाले, "गावात येवढी घरं हायेत. तुलेच काहून येवढा पुळका?" मी त्यांना बऱ्याच गोष्टी सांगितल्या. कायदा सांगितला, काळ सांगितला, आपल्याच ताटातले अन्न कुणाच्या कष्टाने पिकते ते सांगितले. ते माझ्याइतके शिकलेले नव्हते. वादात टिकले नाहीत. आईने वाद घातला नाही. ती म्हणाली, "ठेव. म्या तोंड उघडनार नाई." आणि खरोखरच तिने पुढचे पंधरा दिवस या विषयावर एक शब्द काढला नाही. ओसरीच्या वळचणीला कान तुटलेला एक कप खोचलेला असे. मजुरांपैकी कुणाला कोणत्या कपातून चहा द्यायचा, हे त्या कपावरून ठरत असे. तो कप मी आईच्या देखत काढला आणि उकिरड्यावर फेकला. तेव्हाही ती काही बोलली नाही. मी जिंकलो होतो.

दिवाळीच्या सुट्टीत, एका रविवारी सकाळी, ते दोघे खोल्या पाहायला आले. माझी पत्नी तेव्हा माहेरी गेलेली होती. खोल्या घराच्या बाजूला होत्या आणि त्यांचे दार गल्लीत उघडत असे. मी त्या आधीच झाडून घेतल्या होत्या. एका कोपऱ्यात नवा माठ आणून ठेवला होता.

त्यांच्या पत्नीला मी प्रथमच पाहात होतो. ठेंगण्या, सावळ्या, बोलण्याला मोकळ्या. दारात क्षणभर थांबल्या, मग आत जाऊन पावलांनी खोलीची लांबी मोजली. मला त्यांनी सरळ भाऊ म्हणायला सुरुवात केली, मग मीही त्यांना वहिनी म्हणू लागलो. "अठी चूल," त्या म्हणाल्या, "अन् टेबल तठी, खिडकीपाशी. गणिताले उजेड लागते." मग नवऱ्याकडे पाहून म्हणाल्या, "मराठी काय, अंधारातबी होते."

"पाहा सर," माझे सहकारी म्हणाले, "खोलीची किल्ली मिळाली नाही तोच पक्ष बदलला."

मी हसलो. खिडकीच्या चौकटीची एक फळी निखळलेली होती, ती त्यांनी हलवून पाहिली. येत्या सोमवारपर्यंत सुताराकडून बसवून घेतो, असे मी सांगितले. देव दिवाळी झाली की सामान आणायचे, एक बैलगाडी पुरेल, असे ठरले. त्या पुन्हा एकदा खिडकीपाशी जाऊन उभ्या राहिल्या, बाहेर गल्लीत पाहिले आणि मग बाहेर आल्या.

मी त्यांना आमच्या ओसरीवर बसवले. सतरंजी मीच अंथरली. पाणीही मीच आणले; आईला सांगितले असते तरी तिने आणले नसते आणि मला ते तिच्याकडून नकोही होते. हे पाणी मी स्वतः द्यावे, घरातल्या रोजच्या पितळी पेल्यांतून द्यावे, हे माझ्या मनात आदल्या दिवसापासून होते. गडव्यातून मी दोन पेले भरले. दोघे ओठ लावून पाणी प्याले आणि त्यांनी पेले समोर जमिनीवर ठेवले. मी गडवा हातात घेऊन तसाच बसलो होतो आणि बोलत होतो. काय बोलत होतो, तेही मला पक्के आठवते. विहिरीचा रहाट जड झाला आहे, त्याला तेल घालून घेतो, म्हणजे वहिनींना पाणी ओढणे सोपे जाईल, असे मी सांगत होतो.

बोलता बोलता मला दिसले की वहिनी माझ्याकडे पाहात नाहीत. त्या जमिनीकडे पाहात होत्या. ओसरी त्याच सकाळी शेणाने सारवलेली होती आणि नुकत्याच सारवलेल्या जमिनीवर पाणी पडले की ती जागा काळी होते. त्यांचे पेले जिथे होते तिथे दोन काळे डाग पडले होते आणि पेले तिथे नव्हते. ते माझ्या डाव्या बाजूला उपडे घातलेले होते आणि ओले होते. माझ्या हातातला गडवा हलका झाला होता.

काय झाले ते समजायला मला वेळ लागला. त्यांना लागला नाही. आमच्याकडे रीत अशी होती की ज्याचे पाणी चालत नाही अशा माणसाने पिऊन ठेवलेल्या भांड्याला घरच्या माणसाने एकदम हात लावायचा नाही. आधी वरून पाण्याची धार सोडायची, मग भांडे उचलायचे, उपडे घालायचे. हे मला कुणी शिकवल्याचे आठवत नाही. आई करत असे, वडील करत, सालदारांच्या भांड्यांवर भाऊ करत. मी लहानपणी त्यांच्या बाजूला बसलेला असेन, एवढेच. मी स्वतः ते कधी केले होते काय, हेही मला सांगता येत नाही. केले असेल. त्या सकाळी मी ते दोन माणसांच्या समोर, त्यांच्याच सोयीविषयी बोलत असताना केले, आणि माझे वाक्य मध्ये तुटलेही नाही.

माझे सहकारी छपराकडे पाहात होते. मग त्यांनी रहाटाविषयी काहीतरी विचारले. मी उत्तर दिले. वहिनींनी पदर सारखा केला आणि उन्हाआधी निघायला हवे असे नवऱ्याला सांगितले. ऊन चांगलेच चढले होते. ते दोघे सायकल हातात धरून, चालत गेले. दारापर्यंत मी पोहोचवायला गेलो आणि तिथून सोमवारी फळी बसते, असे पुन्हा सांगितले.

संध्याकाळी आई देवापाशी दिवा लावून बाहेर आली. माझ्याजवळ बसली. तिच्या आवाजात आनंद नव्हता, टोमणाही नव्हता. "म्या तं काईच म्हनलं नाई, बापू," ती म्हणाली. "तुह्याच हातानं झालं."

शाळा उघडल्यावर पहिल्याच दिवशी सहकारी मला म्हणाले की घरी आईला एकटे टाकून येणे जमणार नाही, असे दिसते. त्यांची आई त्यांच्या थोरल्या भावाकडे, शेजारच्याच घरात राहात असे. हे मला त्यांनीच पूर्वी सांगितले होते. मला ते ठाऊक आहे, हे त्यांनाही ठाऊक होते. त्यांनी माझ्यासाठी एक वाट मोकळी ठेवली होती. मी ती धरायला नको होती. मी "बरं" म्हणालो. आणखी एक वाक्य बोलण्याइतका वेळ होता, कारण त्यानंतरच घंटा झाली. मी ते बोललो नाही.

मधल्या सुट्टीत आम्ही त्यानंतरही एकाच बाकावर बसत होतो. त्यांनी भाजी पुढे करणे बंद केले नाही. मी घास घेतला की आपण तो घेत आहोत, याची मला जाणीव होत असे. पूर्वी ती नव्हती.

त्या हिवाळ्यात मी स्वतःशी पुष्कळ वाद केला. वादात मी नेहमीच चांगला होतो. माझे म्हणणे असे होते की माणसाचे जे ठरवून केलेले असते ते त्याचे. ज्यात त्याचे ठरवणे नाही, ते त्याच्यात दुसऱ्यांनी भरलेले असते. त्याचा जाब त्याला विचारणे बरोबर नाही. आठ दिवस विचार करून खोल्या द्यायचे मी ठरवले, ते मी. एका क्षणात पाणी सांडले, तो माझ्या घराण्याचा हात. ही मांडणी मला पटली होती आणि काही आठवडे मी तिच्यावर तग धरला.

मग एकदा रिकाम्या खोलीत काही कामासाठी गेलो असताना कोपऱ्यातला तो नवा माठ दिसला. तो मी का आणला होता? विहिरीवरून वरचेवर पाणी आणण्याचा वहिनींचा त्रास वाचावा म्हणून. हे कारण मी तेव्हा स्वतःला सांगितले होते आणि ते चांगले कारण होते. पण आमच्या घरात आणखी दोन मोठे माठ होते आणि त्यांतला एक बाराही महिने रिकामा असे. तो का नाही दिला? घराच्या आत, अंगणाकडे उघडणारी एक खोली होती, हवेशीर आणि मोठी. ती मी त्यांना दाखवलीसुद्धा नाही. गल्लीतल्या दाराच्या खोल्या दिल्या, कारण नवराबायकोला मोकळेपणा हवा. हेही चांगले कारण. रहाटाला तेल घालण्याचे कारण चांगले. आणि त्यांनी पाणी सकाळी लवकर भरून घ्यावे, म्हणजे नंतरची गर्दी टळेल, असे सुचवायचे मी मनात ठेवले होते. गर्दी म्हणजे कोण? आमच्याच घरातल्या बायका.

मी त्या खोलीत उभा राहून एकेक कारण तपासले. गणित तपासतो तसे. प्रत्येक पायरी बरोबर होती आणि उत्तर आईला हवे होते तेच येत होते. विचार करून ठरवले, असे ज्याला मी म्हणत होतो, त्यात ठरलेले आधी होते आणि विचार मागून आला होता. हाताने एवढेच केले की कारण दिले नाही.

माठ मी शाळेत नेऊन ठेवला.

वहिनी मार्चमध्ये परीक्षेला बसल्या. खेड्यातूनच. अभ्यास किती झाला, कसा झाला, हे मी विचारले नाही. गणित शिकवायला मी सायकल काढून चार मैल जाऊ शकलो असतो. आठवड्यातून दोनदा तरी. हे मला सुचले नाही, असे लिहिले असते, पण ते खरे नाही. सुचले होते. आपण गेलो तर त्यांना अवघड वाटेल, असे कारण मला लगेच मिळाले. कारणे मला कधी कमी पडली नाहीत.

जूनमध्ये माझ्या सहकाऱ्यांची बदली झाली. त्यांनीच मागून घेतली होती. कारंज्याकडे धनज म्हणून गाव आहे, तिथल्या शाळेत. शाळेच्या मागे शिक्षकांसाठी दोन खोल्या होत्या, त्या मिळणार होत्या. जाताना ते माझ्याशी नेहमीप्रमाणे बोलले. निकालाचे मी विचारले नाही, त्यांनी सांगितले नाही.

पुढच्या हिवाळ्यात कारंज्याला एका नातेवाइकाकडे लग्न होते. लग्न दूरच्या नात्यातले होते. एरवी मी गेलो नसतो. गेलो, आणि दुसऱ्या दिवशी, रविवारी, सकाळच्या एस.टी.ने धनजला उतरलो. वाटेत मी माझे वाक्य तयार केले. मी तुमचा अपमान केला, त्याबद्दल मला क्षमा करा. त्यात दुसरे काही घालायचे नाही, कारण द्यायचे नाही, असे मी ठरवले होते. पुन्हा पुन्हा मनात म्हणून पाठ केले.

सहकारी घरी नव्हते. ज्वारी दळून आणायला गिरणीवर गेले होते. वहिनी दारात बसून तुरीच्या शेंगा सोलत होत्या. मला पाहून उठल्या, अंगणात खुर्ची टाकली, आतून पाणी आणून दिले. "बसा सर," म्हणाल्या. भाऊ म्हणाल्या नाहीत. पुन्हा शेंगा सोलायला बसल्या.

मी पाणी प्यालो. आणि मग त्या पेल्याचे काय करावे, हे मला कळेना. माझे सगळे लक्ष माझ्या हाताकडे होते. तो पेला मी इतक्या हळू, इतक्या सांभाळून खुर्चीशेजारी ठेवला की वहिनींचे हात थांबले. त्या हसल्या. "इतकं जपून कायले ठेवता, सर? स्टीलचा हाय. फुटत नाई."

आता बोलायला हवे होते. मी तोंड उघडले आणि जे वाक्य बाहेर आले ते मी तयार केलेले नव्हते. मी म्हणालो, "वहिनी, त्या दिवशी माझे लक्ष नव्हते."

त्यांचे हात पुन्हा चालू लागले. दोन-तीन शेंगा सोलून झाल्या. रागावलेल्या दिसल्या नाहीत. एखादे उदाहरण मलाच समजावून सांगावे, तशा बोलल्या.

"मले मालूम हाय, ध्यान नव्हतं. तुमी मुद्दाम करनारे मानूस नाई. थे मी घरी जाताजाताच यायले सांगतलं." यायले म्हणजे नवऱ्याला. "पन मी तं तठी राहाले येनार होती ना, सर? रोज पान्याले येनार, जानार. तुमचं ध्यान असन तवा तुमी चांगलेच वागसान. ध्यान काय दिवसभर राह्यते का कोनाचं? माहंबी नाई राह्यत. मंग जवा नसन, तवा मी काय करू?"

रात्रंदिवस लक्ष ठेवीन, असे म्हणणे मूर्खपणाचे होते, आणि ज्या घरात राहायचे तिथे आपल्यावर असे लक्ष ठेवले जावे, असे कोणाला वाटेल? पेला जपून ठेवताना त्यांनी मला पाहिले होतेच. जे पाठ केले होते ते वाक्य तेव्हा तरी म्हणता आले असते. पण क्षमा मागायला मी आलो होतो आणि पहिल्याच वाक्यात सबब सांगितली होती. त्यानंतर ते वाक्य मला माझेच वाटेना.

तेवढ्यात सहकारी पिठाचा डबा घेऊन आले. बाह्यांवर पीठ उडालेले. मला पाहून त्यांना आनंद झाला, आणि तो खरा होता असे मला वाटते. जेवून जा म्हणाले. मी बसची वेळ सांगितली. मग निकालाचा विषय निघाला, म्हणजे मीच काढला. बाकी विषय सुटले, गणितात गेली, असे त्यांनी सांगितले. वहिनी मान वर न करता म्हणाल्या की सात मार्कांनी गेली. पुस्तक पाठवू का, टिपणे काढून पाठवू का, असे मी विचारले. सहकाऱ्यांनी पत्नीकडे पाहिले. त्या म्हणाल्या की इथल्या प्राथमिक शाळेत एक बाई आहेत, त्या शिकवायला येतात, चांगले समजते. त्यात टोचून बोलणे नव्हते. त्यांची सोय झाली होती, ती त्यांनी सांगितली.

सहकारी मला एस.टी.पर्यंत पोहोचवायला आले. पिकाविषयी, नव्या मुख्याध्यापकांविषयी बोललो. बस दिसली तेव्हा ते म्हणाले, "सर, तुम्ही मनाला फार लावून घेऊ नका." मी "बरं" म्हणालो. हा शब्द माझ्या तोंडात फार लवकर येतो.

त्यानंतर आमची भेट झाली नाही. सुरुवातीला दिवाळीच्या सुट्टीत पत्र येई, मग तेही थांबले. बहुधा माझ्या बाजूने. खोल्यांत भावांनी एक-दोन हंगाम सरकी भरली. आई वारली. मी तिच्याविरुद्ध काही लिहीत नाही. तिने आपली नापसंती लपवली नव्हती आणि दिलेला शब्द पाळला होता. या हकिगतीत असे करणारी ती एकटीच.

मी हाताकडे लक्ष ठेवायला शिकलो. वीस-पंचवीस वर्षे ठेवले. आमच्या ओसरीवर नंतर पुष्कळ माणसे पाणी पिऊन गेली आणि तसे पुन्हा घडले नाही, एवढे मी सांगू शकतो. पण लक्ष ठेवून न घडू देणे आणि घडण्यासारखे काही आत नसणे, या दोन गोष्टी आहेत. दुसरीबद्दल मी खात्री देऊ शकत नाही. जे माझ्या नकळत चालते त्याची साक्ष मी कशी द्यावी? ती दुसऱ्यानेच द्यायची असते, आणि देणारे कोणी आता माझ्या घरी येत नाही. ठरवून केलेले तेवढे माझे, ही माझी जुनी मांडणी मात्र मी सोडून दिली. पाणी मी टाकले. गडवा माझ्या हातात होता आणि त्या घरात मला अडवणारे कोणीही नव्हते.

धनजच्या भेटीनंतर चौथ्या की पाचव्या उन्हाळ्यात अकोल्याला शिक्षकांचे एक शिबिर झाले. तिथे कारंज्याकडचे एक शिक्षक माझ्या शेजारी बसत. बोलता बोलता त्यांच्याकडून कळले की वहिनी मॅट्रिक झाल्या, पुढचे प्रशिक्षणही पुरे केले आणि आता मुलींच्या शाळेत लागल्या आहेत. गणित शिकवतात, असे ते म्हणाले. मुलींना त्यांचे शिकवणे आवडते.

अभिनंदनाचे पत्र लिहावे, असे मनात आले. पोस्टातून कार्ड आणून पत्ताही लिहिला. पण अभिनंदन करणाऱ्या शिक्षकाचा त्या यशात थोडा वाटा आहे, असे वाचणाऱ्याला वाटते, आणि तसे वाटू देणे बरोबर नव्हते. मी त्यांना गणित शिकवण्याचा शब्द दिला होता. एकही उदाहरण शिकवले नाही.